ह्यातला बोकडाचा गाल कंचा?

हसायचं तर खुशाल हसा, पण हातातला कप आधी खाली ठेवा. मागं एकदा हे सांगताना आमच्या एका मित्राच्या नाकातनं चहा आला होता, आणि त्यानं त्याचा दोषही मलाच दिला.

मुलगी बघायला गेलेला माणूस काय काय करून बसतो हे तुम्ही ऐकलं असेल. कुणी मुलीऐवजी तिच्या बहिणीला प्रश्न विचारतो, कुणी पोह्यातली मिरची चावून पाणी पाणी करतो. ही सगळी किरकोळ माणसं! मी मुलगी बघायला गेलो आणि अर्ध्या तासात मुलीच्या वडलांनी मला दवाखान्यात न्यायला जीप बाहेर काढली. आहे का कुणी पुढं?

तर तेव्हा मी सांगलीत एम. फार्म. करत होतो. आमचं गाव आटपाडीच्या बाजूला. औषधाचं शिकणारा गावात मी पहिलाच, त्यामुळं सगळे मला आधीच डॉक्टर म्हणायला लागले होते. मीही नको म्हणत नव्हतो. कशाला म्हणायचं?

माझं संशोधन तोंडातल्या पट्टीवर होतं, गाइड कॉलेजातल्या मॅडम. म्हणजे काय, तर तोंड आलं, गालाला आतून फोड आले, की तिथं एक छोटी पातळ पट्टी चिकटवायची. पट्टीत बधिर करणारं औषध. ते हळूहळू गालात मुरतं आणि ठणका थांबतो. आता ते खरंच मुरतं का आणि किती, हे बघायला गाल पाहिजे. माणूस कशाला गाल देतोय? म्हणून बोकडाचा घ्यायचा. गालाच्या आतलं अस्तर सोलायचं, त्याचा पडदा दोन काचेच्या भांड्यांच्या मध्ये ताणून बसवायचा, वरनं पट्टी चिकटवायची, आणि खालच्या भांड्यात औषध किती उतरतं ते मोजत बसायचं. झालं संशोधन!

पण गाडी अडली ती गालावरच. मटणाच्या दुकानात मुंडी मिळते ती भाजलेली. केस जाळायला तिला जाळावर धरतात, त्यात गाल आतपर्यंत शेकून निघतो. असल्या गालातनं औषध काय, वारासुद्धा जाईना. दुकानदाराला म्हटलं, "मला न भाजलेली द्या." तो म्हणाला, "पाव्हणं, केसासकट खानार काय?" म्हटलं, "खायची नाही हो, मला फक्त गाल पाहिजे. आतला." त्यानं सुरी खाली ठेवली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

मग मला बिरूमामा आठवला.

बिरूमामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. शेरडं-मेंढरं राखलेला, आता थोडी डाळिंबंही लावलेली. माझ्यावर भारी जीव. गावात जत्रा जवळ आलेली, जत्रेला बोकडं पडणारच. म्हटलं, मामाला सांगावं, भाजायच्या आधी गाल काढून बर्फात घालून एसटीनं धाडून दे.

फोन लावला. मामा माळावर, मेंढरं ओरडतायत, वारा भणाणतोय. त्याला माझं अर्धं ऐकू येत होतं, आणि मला वाटत होतं त्याला सगळं कळतंय. इथंच सगळं बिघडलं.

"मामा, मला बोकडाचा गाल पाहिजे!"

"काय पायजे?"

"गाल, गाल! तोंडातला! औषध तोंडातनं आत जातंय का बघायचंय!"

तिकडं मामानं मेंढरांना दटावून गप केलं.

"कवापासनं हाय हे?" मामानं हळू आवाजात विचारलं.

मला वाटलं, संशोधनाचं विचारतोय. "झालं की वर्ष!"

"आन आमाला आत्ता सांगतूयास व्हय रं?"

"म्हटलं आपलं आपण निस्तरावं. पण आता जमेना. मॅडम म्हणाल्या, दिवाळीपर्यंत झालं तर झालं, नाहीतर संपलं सगळं."

"आरं देवा... आन बोकडाचाच लागतोय?"

"डुकराचा पण चालतो, पण बोकडाचा बरा पडतो."

"दत्ता," मामाचा आवाज चिरकला, "बोकडाचा कशाला रं? माजा घे की! माजा गाल घे!"

काय हसलो मी! म्हटलं, मामा पण रंगात आलाय आज. "तुमचा मिळाला असता तर लय भारी झालं असतं मामा! पण माणसाच्या गालाला परवानगी मिळत नाही हो."

मामानं फोन ठेवला. मी इकडं खूश.

तुम्हाला कळलं ना त्याला काय कळलं ते? मला नाही कळलं! पुस्तकं वाचून वाचून माणसाचा मेंदू त्या भाजलेल्या मुंडीसारखा होतो, आतपर्यंत काही शिरत नाही.

जत्रेनंतर गाल आले. बर्फाच्या डब्यात, पांढऱ्या धुतल्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले, वर अंगाऱ्याची पुडी. मला वाटलं, जत्रेचा अंगारा असेल. त्यानंतर मामा रोज सकाळी फोन करायला लागला. "जेवलास का? गिळाया येतंय न्हवं?" मी म्हणायचो, "येतंय की!" मामा म्हणायचा, "वाघ हायस." बरं, आईला कुणी काही बोललं नव्हतं. मामानं तिच्यापासून लपवलं होतं, कारण तिला बीपी. आई बोलली असती तर एका वाक्यात सगळं मिटलं असतं.

पण मामीला सांगितल्याशिवाय मामाच्या पोटात राहणार होतं थोडंच?

आणि नेमकं त्याच दिवसांत मामीच्या नात्यातलं एक स्थळ मला आलेलं. वाईजवळचं गाव. मुलगी वैशाली, पाचगणीला निवासी शाळेत बारक्या पोरांना शिकवायची आणि होस्टेलवर त्यांच्यावर लक्षही ठेवायची. वडील फौजेतनं निवृत्त झालेले सुभेदार. फोटो पाहिल्यापासून मी संशोधनात जरा कच्चाच पडलो होतो. फोटोत ती हसत नव्हती, पण हसायच्या अगदी बेतात होती. मला तर वाटायचं, ती माझ्याकडंच बघून हसू दाबतेय. (पुढं ते खरंच झालं.)

मामी पडली सरळ बाई. माणसाचं तोंड गेलंय आणि आपण लपवून लग्न लावायचं? तिनं मुलीच्या घरी स्पष्ट सांगून टाकलं. आणि एका संध्याकाळी मला प्रयोगशाळेत फोन आला.

"जय हिंद. सुभेदार बोलतोय, वाईवरनं. तुमच्या मामींनी सांगितलं सगळं. मला लपवाछपवी पसंत नाही. स्ट्रेट विचारतो. कितपत पसरलंय?"

मी टेबलाकडं बघितलं. काचेची भांडी, चिमटे, बर्फ, गाल. "पसरलंय तर बरंच साहेब. एका बाजूचा गाल संपला, आता दुसऱ्या बाजूचा घेतलाय."

"बाप रे. दुखतं?"

"छे! मेलेला असतो की तो."

"हं. आणि कापाकापी?"

"रोजची. सकाळी आतलं अस्तर सोलायचं, चरबी खरवडायची, क्लॅम्प लावून ताणून बसवायचं. पहिल्या दिवशी मला चक्कर आली होती. आता काही वाटत नाही. एका हातानं सोलत असतो, दुसऱ्या हातात चहा असतो."

सुभेदार म्हणाले, "मी सरहद्दीवर लई जवान बघितले. पण तुमच्यासारखा जिगरबाज नाही बघितला. रविवारी घरी या. पुढचं नंतर बघू, पण मला तुम्हाला एकदा भेटायचंच आहे."

आता सांगा, मुलीचा बाप असं बोलल्यावर कुठल्या पोराची छाती फुगणार नाही? मी मित्रांना सांगितलं, "सासरा असावा तर असा! विज्ञानाची काय आवड आहे माणसाला!" आणि सुभेदारांना दाखवावं म्हणून मी दोन-तीन कोऱ्या पट्ट्या, म्हणजे औषध न घातलेल्या, पाकिटात घालून खिशात टाकल्या. निदान मला तरी वाटलं की त्या कोऱ्या आहेत.

रविवारी मामा आणि मी एसटीनं निघालो. आई-आबा पसंतीनंतर येणार होते. मामानं मला खिडकीजवळ बसवलं, गळ्याभोवती स्वतःचा मफलर गुंडाळला. कऱ्हाडला गाडी थांबली, मी वडापाव घ्यायला उठलो तर हात धरून खाली बसवलं. "मिरची झोंबंल," म्हणाला, आणि कुठनंतरी केळं आणून स्वतः सोलून दिलं. मी म्हटलं, "मामा, मी काय लहान आहे का?" तर मामा खिडकीकडं तोंड करून डोळे पुसायला लागला. मला वाटलं, भाच्याचं लग्न ठरतंय म्हणून भरून आलं असेल.

सुभेदारांच्या घरासमोर ही गर्दी! मुलगा बघायला एवढी माणसं? म्हटलं, काय हौस आहे या लोकांना. सगळे माझ्या डोळ्यांकडं बघायचं सोडून गालांकडं बघत होते. मी आत जाताना एक बाई दुसरीच्या कानात म्हणाली, "वरनं कायबी वळकू येत न्हाई, न्हाई का?"

आत सतरंजीवर बसलो. सुभेदार उंच, मिशा पिळदार, पण माझा हात हातात घेतला तो नवजात बाळाचा घ्यावा तसा. सगळ्यांपुढं पोह्यांच्या बश्या आल्या, वर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. माझ्यापुढं आली वाटी. वाटीत रव्याची पातळ पेज! सोबत चमचा, तो पण बाळाचा.

मी मामाकडं बघितलं. मामानं डोळ्यानंच खूण केली, पी गपगुमान.

वैशाली आली, समोर बसली. फोटोपेक्षा छान. मी पेजेचा चमचा तोंडात घालत होतो आणि ती माझ्याकडं सोडवायच्या गणिताकडं बघावं तशी बघत होती.

तेवढ्यात सुभेदारांची थोरली बहीण उठली. सगळे तिला आत्याबाई म्हणत होते. खणखणीत म्हातारी. ती थेट माझ्यापुढं येऊन बसली, हातानं माझी हनुवटी धरली, तोंड उजेडाकडं वळवलं, मग एक गाल चिमटीत धरून बघितला, मग दुसरा. आणि सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"आता मला सांग लेकरा, ह्यातला बोकडाचा गाल कंचा?"

मी चमचा वाटीत ठेवला.

"बोकडाचा?" मी म्हटलं. "दोन्ही माझेच आहेत की!"

"म्हंजी अजून बसवला न्हाई?"

"कुठं बसवायचा?"

"आरं तुज्या तोंडात!"

मामा पुढं सरकला. "दत्ता, लाजू नगंस. मामीनं सांगितलंय त्यास्नी. आपली मानसं हायती."

आणि मग हळूहळू, एक एक करत, माझ्या डोक्यात दिवे लागायला लागले. मेंढरं, वारा, अंगारा, केळं, पेज, दिवाळीपर्यंत झालं तर झालं... म्हणजे तोंडाचा कॅन्सर मलाच! आणि सुभेदारांना मी काय सांगितलं होतं? एका हातानं गाल सोलतो, दुसऱ्या हातानं चहा पितो! माझाच गाल! स्वतःच्या हातानं! म्हणून जिगरबाज!

मी सगळं उलगडून सांगितलं. कॉलेज, पट्टी, काचेची भांडी, मटणाचं दुकान, सगळं. जरा वेळ कुणाचा विश्वासच बसेना. सुभेदारांनी मोबाईलची बॅटरी लावली. "तोंड उघडा." मी आ केला. त्यांनी डावीकडनं बघितलं, उजवीकडनं बघितलं, आणि शेवटी जाहीर केलं, "ऑल क्लिअर!"

मग जे हसणं उसळलं! मामानं मला कडकडून मिठी मारली आणि त्याच दमात पाठीत गुद्दा घातला. "बेण्या, तुज्यापायी मी तंबाकू सोडली की रं!" पोह्यांची बशी आली, वर दोन मिरच्या जादा. आत्याबाई पदरानं डोळे पुसत होती. आणि वैशाली? ती मान खाली घालून हसत होती, खांदे हलत होते.

बघा, इथं किस्सा संपायला हवा होता. सगळं छान झालं होतं. मुलगी हसली होती, सासरा खूश होता, समोर चहा होता. शहाणा माणूस चहा पिऊन गप घरी गेला असता.

पण वैशालीनं विचारलं, "पट्टी म्हणजे नक्की कशी असते ती?"

तिनं मला विचारलेला पहिला प्रश्न हो! मी काय गप्प बसतोय? पाकीट काढलं. पट्टी दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवली. "ही बघा. ही कोरी आहे, हिच्यात औषध नाही. नुसती अशी गालाला आतनं लावायची." आणि जादूगारासारखी ती तोंडात सारून दाखवली. "बोलता येतं, हसता येतं, चहा पिता येतो. लावलीय हे कळतसुद्धा नाही!"

सगळे वा वा म्हणाले. मी रंगात येऊन अस्तर, लाळ, चिकटपणा यावर जे व्याख्यान सुरू केलं! सुभेदार माना डोलावत होते. बोलता बोलता मला जाणवलं, जिभेला मुंग्या येतायत. म्हटलं, मिरचीनं असेल. मग खालचा ओठ कुठं गेला तेच कळेना. चहाचा घोट घेतला. घोट तोंडात गेला की नाही ठाऊक नाही, पण शर्टावर आला एवढं सगळ्यांनी बघितलं.

आत्याबाईनं मान पुढं काढली.

"काय झालं?" सुभेदार म्हणाले.

मला म्हणायचं होतं, काळजी करू नका, औषध लागलंय. तोंडातनं आलं, "ताळजी तलू नता, औशद लादलंय!"

"आगं बया!" आत्याबाई उभीच राहिली. "मी म्हनलं न्हवतं? पोरगं लपवाया बघतंय! गेलं तोंड!"

"नाई! तोली पत्ती नवती ती! चुतून..."

"वाचा गेली!" मामानं कपाळावर हात मारला. "आरं दत्ता, खोटं कशापायी बोललास रं? माजा गाल हाय म्हनलं होतं की तुला!" आणि तो खरोखर हमसून रडायला लागला. मी हात हलवून नाही नाही म्हणतोय, तोंडातनं लाळ गळतेय, ती थोपवायला मान वर करतोय, तर कुणीतरी ओरडलं, "डोळं फिरवतोय!" वैशालीची आई देवासमोर जाऊन बसली. सुभेदार एका क्षणात फौजेत परतले. "गाडी काढा! पाणी! बाजूला व्हा, हवा येऊ दे!" बाहेर जीप सुरू झाल्याचा आवाजसुद्धा आला. दोघा धट्ट्याकट्ट्या माणसांनी मला काखेत हात घालून उचललं.

तेव्हा एक आवाज आला. मोठा नव्हता, पण सगळे जागच्या जागी थांबले.

"खाली बसवा त्यांना."

वैशाली. पदर खोचलेला. माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली. होस्टेलच्या पोरांना म्हणत असेल त्याच सुरात म्हणाली, "आ करा."

मी आ केला.

"मोठा."

मी मोठा केला. तिनं एका हातानं माझा जबडा धरला, दुसऱ्या हाताचं बोट आत घातलं, गालाच्या कडेनं सफाईनं फिरवलं आणि ती बुळबुळीत पट्टी बाहेर काढून बशीत टाकली.

"बाबा, जीप बंद करा. काही झालेलं नाही. बधिर झालंय नुसतं. दातांच्या डॉक्टरकडं होतं तसं. थोड्या वेळानं उतरेल." मग माझ्याकडं वळून, "तोवर बोलायचं नाही. चहा नाही. मिरची तर अजिबात नाही."

आणि पेजेची वाटी परत माझ्यापुढं आली.

परत येताना कऱ्हाड येईपर्यंत माझी जीभ ताळ्यावर आली. पण मामा तोवर बोलायलाच तयार नव्हता, त्यामुळं तिचा काही उपयोग झाला नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सगळं सांगावंच लागलं, कारण भरलेल्या पट्ट्यांतल्या काही कमी दिसत होत्या. मी उचलल्या होत्या त्या दुप्पट औषधाच्या. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुठली बाजू गालाला लावलीस?" तर मी म्हटलं, चकचकीत. त्यांनी डोळे मिटून घेतले. चकचकीत बाजूला औषध अडवणारा थर असतो! ती बाजू जिभेकडं राहायला पाहिजे. मी उलटी लावल्यामुळं सगळं औषध जिभेवर उतरलं होतं. ज्या पट्टीवर मी वर्षभर घासलं, ती लावायची कशी हे मलाच येत नव्हतं!

"एवढी बोकडं घातलीस यात," मॅडम म्हणाल्या, "एकानंही ही चूक केली नव्हती."

पण गंमत अशी, की चार दिवसांनी वाईवरनं होकार आला. आमच्या घरी कुणाचा विश्वास बसेना. मामानं तर दोनदा फोन करून विचारलं, "ह्योच पोरगा न्हवं? आटपाडीचा?" दिवाळीआधी प्रबंधही गेला, दिवाळीनंतर लग्नही झालं. संसार सुखाचा चाललाय, देवाच्या कृपेनं काही कमी नाही.

फक्त एक गोष्ट मला कळत नव्हती. एवढा तमाशा बघूनसुद्धा ही हो कशी म्हणाली? मनातल्या मनात मी पुष्कळ उत्तरं तयार ठेवली होती. माझी विज्ञाननिष्ठा, साधेपणा, संकटातला धीर. शेवटी परवा न राहवून विचारलंच. ती टेबलाशी पोरांचे पेपर तपासत बसली होती.

"खरं सांग, काय बघून हो म्हणालीस?"

तिनं मान वर केली नाही. "काही नाही. होस्टेलवर एवढी पोरं सांभाळतेच, म्हटलं त्यांच्यात अजून एक."

विषय बदलायचा म्हणून मी टेबलावरचा पेढा उचलला आणि तोंडाकडं नेला.

"आधी हात धुवा," ती म्हणाली.

गेलो. धुतले.